इथं थांबा, नानांना विचारा

सोमवारी सकाळी दहा वाजले की अजूनही माझे कान भोंग्याकडे लागतात. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, आमच्या शेडच्या जागी आता लग्नाचा हॉल उभा आहे, तरी लागतात. हातातलं काम बाजूला ठेवून मी थोडा वेळ नुसती बसून राहते. नवरा पेपरातून मान वर न काढता विचारतो, "वाजले का दहा?" त्याला सवय झाली आहे. कामाच्या आठवणी लिहा असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा म्हटलं, या सोमवारच्या दहाचीच हकिगत सांगून टाकावी. बाकी माझ्या नोकरीत सांगण्यासारखं थोडंच होतं. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्यावर लाल रेघा मारायच्या, यातच माझी उमेदीची वर्षं गेली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका बाजूला डाळ मिल आणि दुसऱ्या बाजूला पाइपचा कारखाना, अशा चिमटीत आमची शेड होती. आम्ही बोलणारी यंत्रं बनवायचो. एक साधा कॉम्प्युटर, त्यात आमच्याकडेच तयार झालेला आवाजाचा बोर्ड आणि बाहेर भोंगे. आधी मुद्रित करून ठेवलेली वाक्यं वेळेवर वाजवायची, एवढंच यंत्राचं काम. बाजाराच्या आवारात, यात्रेत, कारखान्याच्या फाटकावर आमची यंत्रं बोलत. आणि बोलत ती माझ्याच आवाजात. डाळीच्या धुरळ्यात न खोकता सलग दोन वाक्यं म्हणू शकेल असं माणूस शेडमध्ये दुसरं नव्हतं, म्हणून मी निवेदिका झाले. आवाजाची देणगी वगैरे काही नाही.

माझं खरं काम वेगळं होतं. ते समजायला थोडं आत शिरावं लागेल. कॉम्प्युटरच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. सगळा कारभार त्याच्या हातात. पण या गाभ्याला आमच्या बोर्डाची भाषा येत नसे. मग मधे एक दुभाषा ठेवायचा. गाभा म्हणाला वाजव, की बोर्डाला समजेल अशा खाणाखुणांनी ते बोर्डाला सांगायचं. या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. तो राहतो गाभ्यातच, त्यामुळे तो अडखळला की सगळं यंत्र अडखळतं. आमचा ड्रायव्हर लिहायचा भटू. तो चालतो की नाही हे बघायला इतर लोक होते. तो वाचता येतो की नाही, हे मी बघायची.

वाचता येणं एवढं काय महत्त्वाचं, असं मालकांनाही आधी वाटायचं. मग भटूच्या आधीचा माणूस एके दिवशी पुण्याला निघून गेला आणि त्याने लिहून ठेवलेलं कोणालाच उलगडेना. सगळ्या नावांच्या जागी एकेक अक्षर. टिपा, म्हणजे शेजारी समजावून लिहायच्या ओळी, एकही नाही. दोन महिने आम्ही दुसऱ्याचं कुलूप उघडत बसलो. तेव्हापासून मालकांनी नियम केला की सुरवाडे मॅडमची, म्हणजे माझी, सही झाल्याशिवाय फ्लॉपी दाराबाहेर जाणार नाही. मी डिप्लोमा केलेली, कामाला होते बोर्ड तपासायला. ही नवी गादी मला कशी मिळाली? तर माझं अक्षर नीट आणि स्वभाव किरकिरा.

पण त्या किरकिरीमागे माझे बाबा होते. मी दीपनगरच्या कॉलनीत वाढले. बाबा वीज केंद्रात पाळीवर असत. पाळी संपली की पुढच्या माणसासाठी वहीत लिहून ठेवायचं असे. काय बंद केलं, काय चालू ठेवलं, कशावर लक्ष ठेवायचं. घरी यायला उशीर झाला म्हणून आई कुरकुर करायची, पण बाबा वही पुरी केल्याशिवाय उठत नसत. ते म्हणायचे, "आपण घरी येऊन झोपल्यावर त्या माणसाला आपल्याला उठवून विचारता येत नाही." माझं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे.

भटूला मात्र हे शास्त्र मान्य नव्हतं. गुणी पोरगा, पंचविशी ओलांडलेला, शेतकऱ्याच्या घरातला, धुळ्याच्या देवपूर भागातल्या कॉलेजात शिकलेला. हात असा की बोर्ड त्याच्याशी बोलतो असं वाटावं. पण नावं देण्याच्या बाबतीत आनंदीआनंद. रावेरकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्याला ट्रकचे नंबर पुकारणारं यंत्र हवं होतं. गृहस्थ मोठे नमुनेदार. प्रत्येक नंबरापुढे "भाऊ" म्हटलंच पाहिजे, म्हणाले, नुसतं नंबराने बोलावलं तर ट्रकवाला रुसतो. मी पन्नास तऱ्हांनी "भाऊ" म्हणून दिलं, त्यातलं एक त्यांना पसंत पडलं. त्या यंत्राचा ड्रायव्हर माझ्यापुढे आला, तर आवाजाच्या चार वाटांना भटूने घरातली नावं दिली होती. मी वाचलं ते असं: आबा नानांपेक्षा मोठे असतील तर अक्कांना शून्य करा. मी लाल पेनाने शेजारी लिहिलं, "अक्कांनी काय बिघडवलं?" सगळी शेड हसली. भटूही हसला, आणि दुसऱ्या दिवशी नावं बदलून आणली.

पुढे एकदा त्याने एका आकड्याला नुसतं "वेळ" असं नाव दिलं. वेळ सेकंदात की सेकंदाच्या हजाराव्या भागात, ते लिहिलं नाही. दुसऱ्याने ते सेकंद धरले आणि एका फाटकावरचं यंत्र "सावकाश" आणि "चालवा" या दोन शब्दांमध्ये सोळा मिनिटं गप्प बसलं. त्यानंतर माझा धाक वाढला. मला लाल पेनाच्या मॅडम म्हणायला लागले. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

आता नानांबद्दल. आमचा आवाजाचा बोर्ड नानांनी बनवलेला. नाना धुळ्याचे, साठीला आलेले. आधी देवपुरात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेजात असताना भटू तिथे जाऊन बसायचा, डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, त्यांच्याकडेच शिकला. मालकांनी नानांना जळगावला आणलं तेव्हा नाना भटूला घेऊन आले. नाना कमी बोलत, जे बोलत ते अहिराणीत. सगळी शेड त्यांचं ऐकायची. मालक चप्पल काढून त्यांच्या टेबलापाशी उभे राहायचे, आता बोला.

त्या हिवाळ्यात आम्ही जुना ड्रायव्हर पुसून-झाडून नवा करायला घेतला. मी ही गादी सांभाळायच्या आधी भटूने घाईत लिहिलेलं ते, त्यामुळे एकेक ओळ मी पहिल्यांदाच वाचत होते. प्रिंटरच्या भोकाभोकाच्या कागदाची लांबलचक घडी, हातात लाल पेन, शेजारी भटू. एका जागी, वाक्य वाजून संपल्यावर, चार सेकंद नुसतं थांबायला सांगितलं होतं. गाभ्यात चार सेकंद म्हणजे फार झाले, तेवढा वेळ सगळं यंत्र ताटकळतं. शेजारी टीप होती. रोमन अक्षरांत, पण मराठीत. इथं थांबा. काढू नका. नानांना विचारा.

मी विचारलं, कशासाठी थांबायचं? भटू म्हणाला, लागतं. का लागतं? तर बोर्डाला लागतं. बोर्डाला का लागतं, तर तो कागदाची घडी सारखी करायला लागला. मग मी माझं ठरलेलं वाक्य ऐकवलं.

"कारण लिही, नाहीतर ओळ काढ. नाना म्हणजे काही कागद नाही."

नाना दहा पावलांवर बसून डाग देत होते. भटूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि म्हणाला, काढतो. मला वाटलं, आणखी एक अडाणी ओळ गेली. टीप सांगत होती नानांना विचारा आणि नाना समोर होते. मी उठून विचारलं नाही. लाल पेनवालीने जाऊन विचारायचं, हे मला कमीपणाचं वाटलं असावं.

ओळ काढून आम्ही तपासणी केली. यंत्र चालू, वाक्य वाजवा, यंत्र बंद. डाळ मिलमुळे विजेचा भरवसा नसे आणि नानांना बोर्डांची काळजी, म्हणून प्रत्येक वेळी बंद करायचं ही त्यांची शिस्त होती. पन्नासेक वेळा वाजवलं, एकदाही चुकलं नाही. मी सही केली. नवी फ्लॉपी सगळ्यात आधी गेली ती धरणावर.

हे धरण तापीला मिळणाऱ्या एका नदीवरचं. नाव सांगत नाही, नदीचा काही दोष नाही. पाणी सोडण्याआधी खालच्या तीन गावांना सावध करायचं, यासाठी धरणाच्या कचेरीत आमचं यंत्र होतं. तिथून बिनतारी संचावरून आवाज गावोगावच्या भोंग्यांवर जायचा. यंत्राला बॅटरी जोडलेली, ते रात्रंदिवस चालू. त्याला दोनच वाक्यं दिली होती. दर सोमवारी दहाला वाजायचं ते: ही चाचणी आहे, घाबरू नये, कामं चालू ठेवावीत. आणि खरं वाक्य: धरणातून पाणी सोडण्यात येत आहे, नदीपात्रातल्या सर्वांनी ताबडतोब बाहेर यावं. दोन्ही माझ्या आवाजात.

फ्लॉपी लावून सहा सोमवार झाले असतील. एप्रिल होता, गुरुवार. सकाळी साडेआठला शेडचा फोन वाजला. धरणावर यंत्र सांभाळणारे वाघभाऊ गावातल्या एसटीडी बूथवरून बोलत होते. कचेरीचा फोन आठ दिवस मेलेला होता, आणि एक फ्यूज पाठवाल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. माणूस गप्पिष्ट. फ्यूजचं झाल्यावर म्हणाले, "बाकी मॅडम, तुम्ही ते नवीन केलं ना, ते झकास. आधी धीर देते मशिन, मग बोलते."

मी विचारलं, धीर म्हणजे?

"दर सोमवारी आधी म्हणते, घाबरू नये, कामं चालू ठेवावीत. मग पुढचं सगळं सुरू करते. लोकांनाही बरं वाटतं. आज खाली प्यायला पाणी सोडायचं आहे, अकराला लावतो."

आणि फोन कट झाला.

असं काही आम्ही केलेलंच नव्हतं. मागच्या सोमवारच्या वाक्याची शेपटी यंत्राच्या पोटात राहत होती आणि पुढच्या वाक्याच्या आधी वाजत होती. सोमवारी कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण आज अकराला पाण्याचं वाक्य लागेल, आणि त्याच्या आधी माझाच आवाज नदीतल्या माणसांना सांगेल, घाबरू नये, कामं चालू ठेवावीत. सहा सोमवार ऐकून लोकांना माहीत झालेलं असणार की या बोलण्यानंतर काही होत नाही. पुढचं कोण ऐकतंय?

यंत्र एकदा बंद करून चालू केलं असतं तरी शेपटी पुसली गेली असती. एवढा एक निरोप द्यायचा होता. बूथचा नंबर माझ्याकडे नव्हता. कचेरीचा फोन मेलेला. धुळ्याच्या मोठ्या कचेरीत लावला तर साहेब दौऱ्यावर, कारकून म्हणाले, सांगतो. कोणाला सांगणार, कसं सांगणार, ते त्यांनाही ठाऊक नसावं. मी भटूला म्हटलं, जीप काढ. नानांनी मान वर करून विचारलं, "काय व्हयनं?" आम्हां दोघांपैकी कोणीच त्यांना उत्तर दिलं नाही.

पारोळ्यापर्यंत भटूने जीप दामटली. मी घड्याळाशिवाय कुठे पाहिलं नाही. पारोळा मागे पडल्यावर मीच विचारलं, ती चार सेकंदांची ओळ यासाठी होती का? त्याने मान हलवली. मग रस्त्यावरची नजर न काढता सगळं सांगितलं. बोर्डावर थोडी आठवण असते, वाजून गेलेला शेवटचा तुकडा तिच्यात राहतो. तो पुसायला तारेचा एक जोड लागतो. नानांनी बोर्डाचा नकाशा काढताना तो जोडच राहून गेला होता. भटूच्या लक्षात आलं तोवर चाळीस बोर्ड तयार झाले होते. चार सेकंद थांबलं की बोर्ड आपोआप शांतता भरून घेतो आणि तुकडा पुसला जातो, हे त्याने शोधून काढलं आणि थांबायची ओळ घातली.

मी म्हटलं, मग हे कारण का नाही लिहिलंस? मी दहा वेळा विचारलं.

"नानांची चूक मी कशी लिहू, मॅडम? तुम्ही ती मोठ्याने वाचता."

मी मोठ्याने वाचत असे, खरं आहे. शेडला ऐकू जाईल असं.

"आणि नानांना विचारा, असं लिहिलंस ते?"

तो म्हणाला, "नानांना माहीतच नाही. मी त्यांना सांगितलंच नाही कधी. थांबायची युक्ती त्यांचीच आहे असं वाटावं, म्हणून लिहिलं."

म्हणजे त्या दिवशी मी उठून विचारलं असतं, तरी नानांना सांगता आलं नसतं. दोन वर्षं एक माणूस आपल्या गुरूची चूक अदबीने झाकत होता, आणि मी ते झाकण किरकिर करून काढायला लावलं होतं. राग कोणावर करावा ते कळेना.

पहिल्या गावाच्या पुलावर पोचलो तेव्हा अकराला पाच कमी होते. धरण अजून दहा-बारा मिनिटं पुढे. खाली नदी कोरडी पांढरी पसरलेली. बायका वाळूतल्या झिऱ्यांवर वाटीवाटीने पाणी भरत होत्या. पलीकडच्या अंगाला टरबुजाच्या वाड्या. मी भटूला म्हटलं, मला उतरव, तू धरणावर जा, आधी यंत्र बंद कर, मग चालू करून पुन्हा वाजव. तो गेला. मी उतारावरून खाली निघाले तेवढ्यात भोंगा खरखरला आणि माझा आवाज नदीवर पसरला.

घाबरू नये. कामं चालू ठेवावीत.

मग पाण्याचं वाक्य आलं, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. पण बायकांनी पहिल्या वाक्यालाच मान खाली घातली होती. वाटी, हंडा, वाटी. एकीनेही वर पाहिलं नाही. माझ्या आयुष्यात मला माझ्या आवाजाची इतकी भीती कधी वाटली नाही.

मी ओरडत धावले. झिऱ्यावरच्या बायका आधी वेड्यासारख्या बघत राहिल्या, मग एक उठली, तशा बाकीच्या हंडे घेऊन निघाल्या. त्यांतल्या एकीने पलीकडे बोट दाखवलं, सोनाअक्का तिथे आहे म्हणाली. सोनाअक्का म्हणजे वाडी करणारी म्हातारी. पात्राच्या मधोमध उंचवट्यावर तिने टरबुजांचा ढीग रचला होता आणि ती निवांत वेल उलटत होती. तिथे जायला सखल पट्टा ओलांडावा लागे. वाळू तापलेली, एक चप्पल कुठे राहिली ते कळलं नाही.

मी सांगितलं, पाणी सोडलंय, चला. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ते सोमवारनं बोलनं शे, बाई. दर सोमवारले तसंच बोलस ती."

आज गुरुवार आहे, मी म्हटलं. तिला वाराशी देणंघेणं नव्हतं. मग माझ्या तोंडून निघालं, "अक्का, ती बोलणारी मीच आहे. तो माझा आवाज आहे."

ती थांबली. कान देऊन ऐकल्यासारखं केलं.

"आवाज ते तुनाच शे," ती म्हणाली. "मंग तूच म्हनस ना, कामं चालू ठेवा."

मी तिचा दंड धरला. तिने सोडवून घेतला, ढिगावर गोणपाट टाकलं, विळा शोधला. मिनिटं जात होती. तेवढ्यात भोंगा पुन्हा खरखरला, आणि या वेळी आधी काहीच नाही, सरळ: धरणातून पाणी सोडण्यात येत आहे. भटू पोचला होता. लगेच पुन्हा तेच, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी म्हातारीच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. वळून पाहिलं तर वरच्या वळणावर वाळू काळी पडत होती. पाणी गर्जत वगैरे येत नाही. पुढे वाळका पाला, फेस, मागे एक जाड गढूळ पट्टा, आणि चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त वेग.

सखल पट्ट्यात आम्ही शिरलो तेव्हा पाणी घोट्यावर होतं. मधे पोचेपर्यंत कमरेला लागलं. पायाखालची वाळू सरकत होती. मी तिला धरलंय की तिने मला, ते कळत नव्हतं. खरं सांगायचं तर तिनेच मला धरलं होतं, तिला नदी ठाऊक होती. काठावरच्या बायकांनी लुगड्याचा पदर दोरासारखा पिळून आमच्याकडे फेकला, तो पकडून आम्ही वर आलो. मागे टरबुजं एकेक करून उंचवट्यावरून सुटली आणि पाण्यावर डोलत खाली निघाली.

कोणी दगावलं नाही. खालच्या दोन गावांत पाणी पोचायला अवकाश होता आणि त्यांनी दुसरं बोलणं ऐकलं. सोनाअक्का काठावर बसून आपली टरबुजं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मी रडत होते. तिने माझ्याकडे न बघता एवढंच म्हटलं, "पहिलेच नीट सांगनं व्हतं, बाई."

शेडवर परतलो तेव्हा दुपार कलली होती. माझी साडी अंगावरच वाळलेली, पायात एकच चप्पल. मालक दारात उभे. नाना आपल्या जागेवर. आता नानांना सांगायला हवं होतं. भटूने माझ्याकडे पाहिलं, मी भटूकडे. शेवटी मीच सांगितलं, जोड राहिल्याचं, ओळीचं, नदीचं. आवाज खाली ठेवून. नानांनी एक बोर्ड ओढला, मीटरच्या दोन सुया लावल्या, काटा पाहिला. पुन्हा लावल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोन वरीस तू माले सांगं नही?" ते भटूला म्हणाले.

भटू खाली बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

नाना रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठून भटूच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ओळ परत घाल, आणि शेजारी खरं कारण लिही. भटूने लिहिलं. नानांना रोमन अक्षरं वाचता येत नसत, म्हणाले, वाचून दाखव. भटूने वाचलं: बोर्डात एक जोड राहिला आहे, म्हणून इथं चार सेकंद थांबा, नाहीतर मागचं वाक्य पुढच्याआधी वाजतं.

"कोना बोर्ड?" नानांनी विचारलं.

भटूने कळांवरून बोटं उचलली.

"नाव टाक मनं. नानानी चूक शे, नानानं नाव टाक. उद्या मी नही ऱ्हायनू ते कोनले इचारशात?"

भटूने नाव टाकलं. त्याला चार अक्षरं टाइप करायला फार वेळ लागला. मग नाना हळूच आपल्या टेबलाकडे गेले आणि पहिल्या बोर्डावर तारेचा तुकडा लावून तो राहिलेला जोड द्यायला बसले. सगळेच्या सगळे बोर्ड परत मागवून त्यांनी स्वतः दुरुस्त केले, कोणाला हात लावू दिला नाही.

मी भटूच्या मागेच उभी होते. म्हटलं, टीप अजून पुरी झाली नाही. पुढे लिही: ही ओळ एकदा काढली होती. त्याने लिहिलं. म्हटलं, आता लिही, कोणी काढायला लावली. भटूची बोटं कळांवर नुसती टेकून राहिली. म्हणाला, "राहू द्या ना, मॅडम."

मी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि ती ओळ स्वतः टाइप केली: सुरवाडे मॅडमनी काढायला लावली, न विचारता. मग ती सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचली.